मेळघाटातला पहिला उन्हाळा: नव्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यासाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. महाराष्ट्र वनसेवेतून निवड झाली, प्रशिक्षण पूर्ण झाले आणि पहिलीच नेमणूक मेळघाट व्याघ्र प्रकल्पात, गुगामल राष्ट्रीय उद्यानातील एका वनपरिक्षेत्रावर होते आहे. फेब्रुवारीपासून जूनच्या मध्यापर्यंतचा हंगाम सर्वांत कसोटीचा असतो असे सगळे सांगतात. मग त्या हंगामात प्रत्यक्ष काम काय असते, कशाकडे आधी लक्ष द्यावे, आणि हे पद पाहुण्यांची व्यवस्था व कागदपत्रे यांतच अडकून पडते असे जे ऐकू येते ते कितपत खरे आहे, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. माझ्या नोकरीतील मोठा काळ मेळघाटाच्या डोंगरांत आणि काही वर्षे ताडोब्यात गेली असल्यामुळे सविस्तर लिहितो आहे.

सर्वप्रथम जे सांगायचे ते हे, की उन्हाळ्यात वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याचे मुख्य काम वेळेवर बातमी मिळवण्याचे असते. पाणवठा आटतो आहे, डोंगराच्या मागच्या अंगाला धूर दिसतो आहे, नाल्याच्या वाळूत अनोळखी चपलेचा ठसा उमटला आहे, गावात कुणाची गाय मारली गेली आणि लोक चिडले आहेत: यांपैकी प्रत्येक गोष्ट पहिल्या दोन-तीन तासांत कळली तर चार माणसांत निभावते, आणि दुसऱ्या दिवशी कळली तर संपूर्ण परिक्षेत्राची ताकद लावूनही आवरत नाही. ही बातमी तुमच्या वनरक्षकाला, त्याच्या वनमजुराला किंवा गावातल्या एखाद्या गुराख्याला तुमच्या कितीतरी आधी कळलेली असते. त्याने ती न घाबरता, न लपवता आणि लगेच तुम्हाला सांगावी असे संबंध जानेवारीतच जोडणे, हीच हंगामाची तयारी आहे.

आता प्रदेशाविषयी. मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. १९७४ पासून तो अस्तित्वात आहे, आणि त्याच्या गाभा क्षेत्रातील ३६१.२८ चौरस किलोमीटरच्या भागाला १९८७ मध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. सातपुड्याच्या गाविलगड रांगेतील हा भाग सागाच्या शुष्क पानगळी जंगलाचा आहे. खाली काळा बेसाल्ट, वर मातीचा पातळ थर आणि तीव्र उतार, त्यामुळे पावसाचे पाणी झपाट्याने वाहून खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या नद्यांतून तापीला मिळते. एप्रिल उजाडेपर्यंत या नद्या वाहत्या राहत नाहीत; खोल जागी डोह तेवढे शिल्लक राहतात. जानेवारीपासून सागाची पाने गळू लागतात आणि मार्चपर्यंत जमिनीवर वाळलेल्या पानांचा जाड थर पसरतो. पाण्याची टंचाई आणि पसरलेले सरपण एकाच वेळी वाढत जातात, आणि तुमच्या हंगामाचे स्वरूप यातूनच ठरते. ताडोब्यात जमीन बरीचशी सपाट आहे, मध्ये मोठा तलाव आहे, रस्त्यांचे जाळे दाट आहे. तिथे यशस्वी ठरलेली पद्धत इथे उचलून आणली तर ती चालत नाही, हे मी दोन्ही ठिकाणी काम केल्यामुळे खात्रीने सांगू शकतो.

तुमच्या हाताखाली काही वनपाल, म्हणजे बोलीत राउंड ऑफिसर, आणि प्रत्येक नियतक्षेत्रावर, म्हणजे बीटवर, एक वनरक्षक असेल. त्याच्याबरोबर संरक्षण कुटीत राहणारे वनमजूर आणि आगीवर नजर ठेवण्यासाठी हंगामापुरते घेतलेले फायर वॉचर असतील. वनमजूर आणि वॉचर बहुतेक कोरकू आदिवासी आहेत, ते याच डोंगरांत वाढले आहेत आणि त्यांना जे दिसते ते आपल्याला पुष्कळदा दाखवल्यावरही दिसत नाही. रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात प्रत्येक नियतक्षेत्र त्या-त्या वनरक्षकाबरोबर पायी फिरून घ्या. भरतीच्या वेळी पुरुष उमेदवारांना चार तासांत पंचवीस किलोमीटर आणि महिलांना त्याहून कमी अंतर चालावे लागते, पण ती चाल सपाट रस्त्यावरची असते. खंडूच्या खोऱ्यात उतरून पुन्हा माथ्यावर चढताना तिचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून आतापासून चढ-उतारावर आणि नेहमीच्या ओझ्यासह चालण्याची सवय करा. या पायी फिरण्याचा खरा लाभ मार्चमध्ये मिळतो. मेळघाटाच्या बऱ्याच भागात मोबाइल लागत नाही आणि सगळा व्यवहार वायरलेस संचावर चालतो. दुपारी दोन वाजता खरखरत्या आवाजात कुणीतरी 'मोठ्या डोहाच्या वरच्या अंगाला, जुन्या मोहाकडे धूर आहे' असे सांगतो, तेव्हा तो डोह आणि तो मोह डोळ्यांसमोर उभा राहिला तरच तुम्ही योग्य बाजूने माणसे पाठवू शकता.

आगीविषयी अधिक विस्ताराने लिहितो, कारण नव्या अधिकाऱ्याची सर्वांत मोठी परीक्षा तिथेच होते. आपल्याकडे आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो आणि त्याआधी जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे, कापून, पालापाचोळा नियंत्रितपणे जाळून तयार ठेवायच्या असतात. अहवालात हे काम एकदा पूर्ण झाले की झाले, परंतु सागाची पानगळ मार्चमध्येही चालूच असते, आणि फेब्रुवारीत स्वच्छ केलेल्या जाळरेषेवर महिन्याभरात घोट्यापर्यंत पाने साचतात. अशी रेषा नकाशावर असते, जमिनीवर नसते. म्हणून मार्चच्या मध्याला आणि पुन्हा एप्रिलमध्ये प्रमुख जाळरेषा ब्लोअरने किंवा दाताळ्याने झाडून घेण्यासाठी मजुरांचे दिवस आणि पेट्रोल आधीच राखून ठेवा. सगळ्या रेषा पुन्हा साफ करण्याइतका पैसा कधीच नसतो. त्यामुळे गावाकडून येणाऱ्या वाटा, बफरची, म्हणजे गाभा क्षेत्राभोवतीच्या पट्ट्याची, सीमा आणि घाटरस्त्यांच्या कडा यांना अग्रक्रम द्या.

आपल्या जंगलातील आगी जवळजवळ सर्व माणसाच्या हातून लागतात, आणि त्यांना वेळापत्रक असते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात. ती वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवून दिला जातो आणि वेचणारा घरी गेल्यावर ती आग पुढे सरकते. त्यानंतर तेंदूची वेळ येते. जमीन जळली की नवी पालवी चांगली फुटते असा समज असल्यामुळे बफरमध्ये आणि सीमेलगत आगी लागतात. याशिवाय गुरांसाठी कोवळे गवत यावे म्हणून लावलेल्या, रस्त्याने जाणाऱ्यांच्या विडी-सिगारेटच्या, आणि क्वचित कुणाच्या रागातून लावलेल्या आगी असतात. होळी हा कोरकूंचा वर्षातला सर्वांत मोठा सण. कामासाठी बाहेर गेलेली कुटुंबे त्या वेळी गावी परततात, रस्त्यांवर फगवा, म्हणजे होळीची वर्गणी, मागितला जातो, पाच दिवस गावे जागी असतात. त्या दिवसांत तुमच्या वॉचरांनाही घरी जायचे असते आणि ते योग्यच आहे, म्हणून रजांच्या पाळ्या आधीच त्यांच्याशी बसून ठरवा. सरसकट रजा नाकारणारा अधिकारी त्या पाच दिवसांत माणसे गमावतो आणि पुढच्या तीन महिन्यांसाठी विश्वासही गमावतो.

वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३० मध्ये आग लावण्यास बंदी आहे आणि कलम ३५ द्वारे ती राष्ट्रीय उद्यानालाही लागू होते. परंतु मोहाखालची आग गुन्हा नोंदवून थांबत नाही. प्रत्येक गावात मोहाची झाडे कुटुंबागणिक वाटलेली असतात आणि कोणते झाड कुणाचे हे सगळ्यांना माहीत असते. फेब्रुवारीत पटेल (गावप्रमुख), भुमका (गावचा पुजारी) आणि मोह वेचणाऱ्या बाया यांच्याबरोबर बसा, झाडाखाली जाळी अंथरणे किंवा पाला झाडून बाजूला करणे यावर बोला, आणि शक्य असेल तिथे वॉचरच्या मदतीने तो पाला झाडून द्या. बफरमधील गौण वनोपजावर लोकांचे कायदेशीर हक्क आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने ते मान्य केले आहेत. त्या हक्कांचा आदर करणाऱ्या अधिकाऱ्याला गावाकडून धुराची खबर मिळते, हा माझा अनुभव आहे आणि याबाबत मला कुठलीही शंका नाही.

आग लागल्यानंतरचे काम. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून मोडिस आणि व्हीआयआयआरएस या उपग्रह संवेदकांच्या आधारे आगीचे संदेश मोबाइलवर येतात. ते उपयुक्त आहेत, पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच वरून जातो, संदेश पोचेपर्यंत काही तास गेलेले असू शकतात, आणि व्हीआयआयआरएसचा एक बिंदूदेखील ३७५ मीटरच्या चौकोनाएवढा असतो. लहान आग त्यात सुटते. म्हणून निरीक्षण मनोऱ्यावरचा माणूस आणि त्याचा संच हीच तुमची पहिली यंत्रणा समजा. डोंगरात आग चढाकडे वेगाने धावते आणि उताराकडे सावकाश सरकते, त्यामुळे पेटलेल्या उताराच्या वरच्या बाजूला माणसे कधीही उभी करू नका. बाजूंनी झोडपत आणि ब्लोअरने पानांचा पट्टा साफ करत तिला आवळत न्यायचे असते. दुपारी वारा असताना थेट भिडण्यापेक्षा पुढचा नाला, रस्ता किंवा माथ्यावरची जाळरेषा धरून तिथून प्रतिआग, म्हणजे येणाऱ्या आगीच्या वाटेतले सरपण आधीच संपवणारी आपली आग, लावणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. मात्र प्रतिआगीचा निर्णय तुम्ही किंवा अनुभवी वनपालाने घ्यावा, आणि पलीकडे कुणी माणूस नाही याची संचावर नावे पुकारून खात्री केल्याशिवाय काडी ओढू नये. संध्याकाळनंतर वारा पडतो, हवेत थोडा ओलावा येतो आणि तीच आग निम्म्या माणसांत विझते. विझल्यानंतर जळती खोडे उतारावरून घरंगळून खाली नवी आग लावतात, पोकळ झाडे दोन-दोन दिवस धुमसत राहतात. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आणि दुपारी तीच कड पुन्हा चालून बघणे अनिवार्य माना. ही पोकळ झाडे आणखी एका कारणासाठी महत्त्वाची आहेत. शंभराहून अधिक वर्षे कुणालाही न दिसलेला आणि १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला रानपिंगळा हा लहान घुबडपक्षी मेळघाटात टिकून आहे आणि तो झाडांच्या ढोलीतच घरटे करतो.

जळालेल्या क्षेत्राची नोंद करताना जीपीएस हातात घेऊन कडेने चाला आणि येईल तो आकडा लिहा. कमी क्षेत्र दाखवण्याचा मोह वरपासून खालपर्यंत सगळ्यांना होतो, कारण आग म्हणजे निष्काळजीपणा असा अर्थ काढला जातो. ज्या परिक्षेत्रात आग कळवणाऱ्या वनरक्षकाला पहिली नोटीस मिळते, तिथे पुढच्या आगी कळवल्या जात नाहीत. त्या आपोआप विझेपर्यंत लपवल्या जातात आणि मग शेकडो हेक्टर जळते. माझे सांगणे स्पष्ट आहे: आग लागली म्हणून कुणालाही दोष देऊ नका, उशिरा कळवली तर मात्र कारण विचारा, आणि हा नियम फेब्रुवारीच्या पहिल्या बैठकीत सर्वांसमोर सांगा.

पाण्याकडे वळू. आपल्या परिक्षेत्रातील प्रत्येक डोह, झिरा, वनतळे आणि कृत्रिम पाणवठा यांची यादी तुम्हाला मिळेल. ती जुनी असते. फेब्रुवारीपासून दर पंधरा दिवसांनी प्रत्येक ठिकाणी खुणा केलेली काठी बुडवून खोली मोजायची आणि एका वहीत लिहायची, एवढे साधे काम वनरक्षकांकडून नियमित करून घेतले तर कोणता डोह कधी आटणार हे तुम्हाला तीन आठवडे आधी कळते. नैसर्गिक पाणी आधी जपा. नाल्याच्या पात्रातील झिरे थोडे उकरून, गाळ काढून, भोवती दगड लावून ठेवले तर कित्येक ठिकाणी टँकरची गरजच पडत नाही. सौरपंपावर चालणारे बोअर मोठा आधार आहेत, परंतु प्रत्येक टेकडीवर पाणवठा बांधण्याच्या मी विरोधात आहे. पाणी सगळीकडे सारखे झाले की सांबर, गवे आणि चितळ वर्षभर एकाच भागात चरत राहतात, गवताला उसंत मिळत नाही, आणि गुरांसह माणूसही तिथे येऊ लागतो. कृत्रिम पाणवठ्याची कड उतरती असावी, जेणेकरून आत पडलेला लहान प्राणी किंवा पिल्लू बाहेर येऊ शकेल, आणि तो ठरावीक दिवसांनी रिकामा करून घासला पाहिजे; साचलेले हिरवे पाणी रोगाचे मूळ असते.

पाणवठा हीच शिकाऱ्याची जागा असते, याचा विसर पडू देऊ नका. एप्रिल-मेमध्ये जनावर कुठे येणार हे आपल्याइतकेच त्यालाही ठाऊक असते. वनरक्षकाने पाणवठ्यावर पोचल्यावर आधी भोवताली दोनेकशे मीटरचा फेरा मारावा, मग पाण्याजवळ जावे. दगड-फांद्यांचे लपण, विडीची थोटके, झाडाला बांधलेली तार, जनावरांच्या वाटेवर उकरून पुन्हा सारखी केलेली माती, हे सर्व बघायचे असते. वाघासाठी लावला जाणारा लोखंडी जबड्याचा सापळा मातीखाली पुरून साखळीने बांधलेला असतो. संशय आल्यास पायाने चाचपू नका, मेटल डिटेक्टर आणि श्वानपथक मागवा. पाण्यात मेलेले बेडूक, मासे किंवा काठावर मेलेला पक्षी दिसला तर विषप्रयोग गृहीत धरून ते पाणी तत्काळ काट्यांनी अडवायचे, नमुना सीलबंद करायचा आणि जवळच्या दुसऱ्या पाण्यावर पहारा लावायचा. बफरमध्ये धोका वेगळा असतो: शेताभोवतीच्या तारेत सोडलेला वीजप्रवाह. तो रानडुकरांसाठी असतो, पण त्यात वाघ, बिबट आणि माणसेही मरतात. महावितरणच्या स्थानिक कर्मचाऱ्यांबरोबर रात्रीची संयुक्त गस्त ठरवून घ्या. वीजचोरीचे आकडे कोणत्या खांबावरून टाकले जातात हे लाइनमनला बहुधा माहीत असते.

गुन्हा उघडकीस आला तर पहिला तास पुराव्याचा असतो. घटनास्थळावर गर्दी होऊ देऊ नका, आधी छायाचित्रे आणि मोजमापे, मग मोका पंचनामा, मग जप्ती, आणि त्याच दिवशी प्राथमिक गुन्हा अहवाल, म्हणजे पीओआर. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ५० मधील झडती, जप्ती आणि अटकेचे अधिकार काळजीपूर्वक वाचून ठेवा. पोटकलम ८ खाली सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या प्राधिकृत अधिकाऱ्याने नोंदवलेला जबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालू शकतो, म्हणून महत्त्वाच्या प्रकरणात साहेबांना तातडीने बोलवा. प्रशिक्षणात हे सर्व झालेले असते, परंतु पहिल्या प्रत्यक्ष पंचनाम्यात हात थरथरतात. जुन्या निकाली प्रकरणांच्या दोन-तीन फायली आताच वाचून काढा, विशेषतः ज्यांत आरोपी सुटले त्या. मेळघाटाच्या सायबर कक्षाने मोबाइलच्या नोंदींवरून राज्याबाहेरच्या टोळ्यांपर्यंत तपास नेला आहे. त्यांना सुरुवातीलाच सामील करून घ्यावे. वाघाचा मृत्यू आढळल्यास राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची कार्यपद्धती तंतोतंत पाळा. सर्व अवयव शाबूत आहेत का ते नोंदवणे, प्राधिकरणाच्या प्रतिनिधीसमोर पशुवैद्यकांकडून शवविच्छेदन आणि नंतर सर्वांसमक्ष संपूर्ण दहन, यांत कुठेही घाई किंवा सवलत नको.

या सगळ्याबरोबर गणनेचे कामही चालू असते. दर चार वर्षांनी अखिल भारतीय व्याघ्रगणना होते आणि त्याखेरीज दरवर्षी प्रकल्पात कॅमेरा ट्रॅप लावले जातात. एका जागी दोन कॅमेरे समोरासमोर लावतात, कारण वाघाच्या दोन कुशींवरचे पट्टे वेगवेगळे असतात आणि ओळख पटण्यासाठी दोन्ही लागतात. गस्तीची नोंद एमस्ट्राइप्स या ॲपवर होते. त्यातला नकाशा दर आठवड्याला उघडून कोणत्या भागात पाऊलच पडलेले नाही ते बघा, किती किलोमीटर झाले याला त्यापुढे महत्त्व नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर निसर्गप्रेमींना बसवून पाणवठ्यावरील नोंदी घेतल्या जातात. शास्त्रीय गणना म्हणून त्यांचे मोल थोडे आहे, परंतु शहरातल्या माणसाला एक रात्र जंगलात शांत बसायला मिळते, म्हणून तो कार्यक्रम मनापासून करावा.

पायी सर्वेक्षणाच्या सुरक्षिततेबाबत मी आग्रही आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्यात गणनेसाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला; पुढे रस्त्यावर वाघीण बसलेली असल्यामुळे थोडा वेळ थांबून त्यांचा गट जंगलातून वळसा घालून जात होता. त्या आपले काम निष्ठेने पूर्ण करत होत्या. त्यांच्या मृत्यूनंतर प्रत्येक अधिकाऱ्याने आपल्या माणसांना एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगायला हवी: समोर वाघ दिसला तर त्या दिवसाची सर्वेक्षणाची ठरलेली रेषा तिथेच सोडून आल्या वाटेने परत फिरायचे, आणि अपूर्ण राहिलेल्या रेषेबद्दल कुणीही जाब विचारणार नाही. मेळघाटात पायी माणसाला वाघापेक्षा अस्वलाची भीती अधिक आहे, विशेषतः मोहाच्या दिवसांत पहाटे. एकट्याने गस्त नको, वळणावर आणि दाट झाडीत शिरण्यापूर्वी बोलत किंवा काठी आपटत चालावे.

गावांविषयी. गाभा क्षेत्रातील काही गावांचे पुनर्वसन झाले आहे. कुंड, कोहा आणि बोरी ही सुरुवातीची. त्यांच्या जुन्या शेतजमिनींवर आज कुरणे आहेत आणि गवे, सांबर तिथे चरताना दिसतात. ही कुरणे त्या कुटुंबांनी आपली घरे सोडल्यामुळे तयार झाली आहेत, याची जाणीव ठेवून त्या लोकांशी बोला. त्यांतले कुणी जुन्या देवस्थानाला नमस्कार करायला आले तर त्यांना परवानगीसाठी ताटकळत ठेवू नका. राष्ट्रीय उद्यानात कलम ३५ नुसार गुरांना चराई नाही, हे पाळावेच लागेल, पण गुरे पकडण्याआधी उन्हाळ्यात त्या गावाला चारा आणि पाणी कुठून मिळते आहे हे जाणून घ्या. गाय मारली गेल्याची खबर आली की त्याच दिवशी पंचनामा झाला पाहिजे, मग तो दिवस कितीही धावपळीचा असो. भरपाईला उशीर झाला तर उरलेल्या मांसावर विष टाकले जाते आणि बछड्यांसह वाघीण मरते. ही साखळी मी पाहिलेली आहे. कोरकू भाषा थोडी तरी शिका. ती मराठी-हिंदीपेक्षा अगदी निराळ्या कुळातली असल्यामुळे अंदाजाने कळत नाही, परंतु विचारपूस करण्यापुरते पन्नास-साठ शब्द आले तरी समोरचा मोकळा होतो, आणि तुमच्या वनमजुरांइतके चांगले शिक्षक दुसरे मिळणार नाहीत.

पर्यटन आणि पाहुणे यांच्याबद्दल फार लिहीत नाही. सेमाडोह, कोलकास या बाजूला उन्हाळी सुट्टीत गर्दी होते, शासकीय पाहुणेही येतात आणि त्यात वेळ जातो. ते काम एका समंजस वनपालाकडे पूर्णपणे सोपवा आणि आगीच्या दिवसांत तुम्ही जागेवर नसलात तर त्याचे कारण वरिष्ठांना सरळ सांगा. बहुतेक वरिष्ठ ते समजून घेतात. कागदपत्रांचे मात्र तसे नाही, त्यांतील एका भागावर जंगलाचे रक्षण थेट अवलंबून असते. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, म्हणजे नेमके आगीच्या हंगामाच्या मध्यावर. नवीन अनुदान हाती येईपर्यंत एप्रिल जातो, कधी मेही, आणि त्या काळात आग विझवणाऱ्या मजुराची मजुरी थकते. ज्याच्या घरी दोन महिने पैसे पोचले नाहीत त्याच्याकडून रात्री दोन वाजता डोंगर चढण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. म्हणून हजेरीपट, बँक खात्यांचे तपशील आणि प्रमाणके मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात पूर्ण करून पाठवा, एप्रिलच्या मजुरीसाठी व्याघ्र प्रकल्प प्रतिष्ठानाकडे जानेवारीतच मागणी नोंदवा आणि तिचा पाठपुरावा स्वतः करा.

संरक्षण कुटीत राहणाऱ्या माणसांची सोय हा या हंगामाचा असा भाग आहे ज्याबद्दल तपासणीत कुणी विचारत नाही. पिण्याचे पाणी गाळण्याची सोय, सौरदिव्याची चालू बॅटरी, ओआरएसची पाकिटे, भाजल्यावरचे मलम, प्रत्येकाला चांगले बूट आणि कपाळाला बांधायची विजेरी एवढ्या वस्तू प्रत्येक कुटीत आहेत की नाहीत ते स्वतः जाऊन बघा. आग विझवताना कृत्रिम धाग्याचे कपडे अंगाला चिकटतात, म्हणून सुती कपड्यांचा आग्रह धरा. महिला वनरक्षक असलेल्या कुटीला स्वच्छतागृह आणि आतून लागणारी कडी हवी, आणि रात्रीच्या ड्युटीला जोडीदार हवी. तुम्ही स्वतः स्त्री अधिकारी असल्यामुळे या गोष्टी तुम्हाला कुणी सांगाव्या लागणार नाहीत, पण त्या मागण्याचा संकोच तुमच्या सहकाऱ्यांना वाटणार नाही याची काळजी घ्या. उष्माघात आणि सर्पदंश यांसाठी जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणते, तिथे प्रतिविष उपलब्ध आहे का आणि रात्री गाडी कुठून मिळेल, हे फेब्रुवारीतच ठरवून सर्वांना सांगा.

पहिला पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात येतो आणि खंडू-सिपनेला पूर आला की काही कुट्यांची वाट कित्येक दिवस बंद होते. त्याआधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यातच, तांदूळ, डाळ, तेल, मीठ, गॅस सिलिंडर, औषधे आणि संचाच्या जादा बॅटऱ्या पोचवून ठेवा. कॅमेरे उतरवून घ्या, सौरपंप बंद करून झाका, आणि फायर वॉचरांचा अखेरचा हिशेब १५ जूनपूर्वी चुकता करा, कारण त्यांना त्याच पैशांतून बियाणे घ्यायचे असते. पावसाळी गस्तीची यादीही तेव्हाच लावा. पर्यटन थांबते, रस्ते चिखलात जातात आणि जंगलात कुणी फिरकत नाही अशा समजुतीने टोळ्या याच काळात आत शिरतात, तेव्हा उन्हाळ्यात सर्वाधिक दमलेल्या माणसांना आठवडाभर घरी पाठवून उरलेल्यांच्या पाळ्या जुळवणे, हे तुमच्या पहिल्या हंगामातले शेवटचे आणि बरेच अवघड काम असेल.